‘गे’ हा शब्द मराठीत कसा चालवायचा?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता) :

नमस्कार. मी गेली २२ वर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो. मागच्या महिन्यात एका अंकासाठी आलेली दीर्घकथा माझ्याकडे दुसऱ्या वाचनासाठी आली. तिचा नायक पुण्यात नोकरी करणारा, तिशीतला आणि लेखकाच्याच शब्दांत सांगायचे तर ‘गे’ आहे. पहिल्या वाचनात मी त्या शब्दाला हात लावला नव्हता. संपादन करणाऱ्यांपैकी कोणाला तरी मात्र तो परका वाटला आणि त्यांनी संगणकाला एकच आज्ञा देऊन सगळीकडे ‘गे’च्या जागी ‘समलिंगी’ घालून टाकले. संगणकाला शब्द कळत नाहीत, अक्षरे तेवढी कळतात. त्यामुळे माझ्यासमोर आलेल्या पहिल्याच परिच्छेदात नायक ‘लसमलिंगीच’ उठून खिडकीपाशी ‘समलिंगीला’ होता आणि त्याने ‘मासमलिंगी’ वळून पाहिले होते. लगेच, गेला आणि मागे या तीन साध्या शब्दांची ही अवस्था. पुढे पेशवे पार्कातला एक प्रसंग होता. त्यातल्या गेंड्याचे काय झाले असेल ते आपणच ताडावे.

दोन दिवस बसून मी ती कथा पूर्ववत केली. ते करताना एक गोष्ट ध्यानात आली आणि तीच मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. ‘गे’ या शब्दाला नाम मानून मराठीत चालवायचे म्हटले, तर त्याचे द्वितीयेचे एकवचन ‘गेला’ होते. ‘त्या गेला काय वाटले असेल’ हे वाक्य कोणीही वाचले तरी ते चुकलेलेच वाटेल. लेखकाने संपूर्ण कथेत असे रूप एकदाही वापरले नव्हते. ‘गे मुलाला’, ‘गे असल्याचे’, ‘गे मित्रांचा’ अशीच रचना त्याने केली होती आणि मला वाटते, ती त्याने जाणूनबुजून केली नसावी. मराठी कानानेच ती करवून घेतली असावी.

तेव्हा प्रश्न असा, की हा शब्द मराठीने घेतलाच आहे असे मानून तो तसाच ठेवावा, की ‘समलिंगी’ किंवा ‘समलैंगिक’ करावा? आणि ठेवायचा, तर कोणत्या अर्थाने, कारण इंग्रजीत त्याचे अर्थ अनेक आहेत आणि आपल्याकडे बहुधा एकच आलेला दिसतो. जाणकारांनी कृपया लिहावे.

खडूफळा :

बोरूबहाद्दर, आपला ‘लसमलिंगीच’ वाचून मी इतक्या मोठ्याने हसले, की शेजारच्या खोलीतून नातू विचारायला आला आणि त्याला काय सांगावे हे मला क्षणभर सुचले नाही. तसे न सुचण्याचा प्रसंग माझ्यावर पूर्वीही आला आहे. मी ३१ वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सच्या फुलांवरची कविता आपल्यापैकी अनेकांना शाळेत असेल. अशा हसऱ्या सोबतीत कवी ‘गे’ झाल्यावाचून राहीलच कसा, अशी तिच्यात एक ओळ आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या ओळीला कोणी हसत नसे. शेवटच्या काही वर्षांत ती ओळ जवळ आली, की मागच्या बाकांवर खोकल्याची साथ येई. एकदा मी फळ्यावर ‘गे म्हणजे आनंदी’ असे लिहिले, तेव्हा एका मुलाने अगदी सरळपणे विचारले, “बाई, मग त्या लोकांना आनंदी का म्हणतात?” त्या दिवशी मी ‘पुढचा धडा काढा’ म्हणाले. घरी येऊन मात्र शब्दकोश उघडला.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून १३००च्या आसपास आला. आनंदी, उल्हसित, झगमगीत रंगांचा असे त्याचे पहिले अर्थ होते. १७व्या शतकात त्याला दुसरी छटा चिकटली. जो फारच आनंदात असतो, तो कोणाच्या जिवावर आणि कशाच्या मोबदल्यात, असा संशय जगाला येतो. तसा चैनी, विलासी, नीतीची फारशी पर्वा न करणारा असा अर्थ रूढ झाला. १९व्या शतकात लंडनमध्ये ‘गे’ बाई म्हणजे देहविक्रय करणारी स्त्री आणि ‘गे’ घर म्हणजे कुंटणखाना. त्याच काळात एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावरचे हसूही ‘गे’च होते, म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत होते.

पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांनी हा शब्द स्वतःसाठी वापरायला सुरुवात केली ती साधारण १९२० आणि १९३०च्या दशकांत, मुख्यतः अमेरिकेतल्या शहरांमध्ये. तो त्यांच्यापुरता खुणेचा शब्द होता. बाहेरच्या माणसाने ऐकला, तर त्याला ‘आनंदी’ एवढाच अर्थ लागे आणि आतल्याला बरोबर कळे. ज्या काळात ओळख उघड झाल्यास नोकरी जात असे आणि तुरुंगही घडत असे, त्या काळात असा दुहेरी शब्द किती सोयीचा असेल, याची कल्पना करावी. २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला, लोकांनी प्रतिकार केला आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या संघटनेने आपल्या नावातच हा शब्द घेतला. तेव्हापासून तो खुणेचा राहिला नाही. तरीही ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या बातम्यांत तो सर्रास वापरायला १९८७ साल उजाडावे लागले, तोवर तिथे ‘होमोसेक्शुअल’च चाले.

म्हणजे त्या मुलाला द्यायचे उत्तर असे, की ‘त्यांना आनंदी म्हणत नाहीत, ते स्वतःला तसे म्हणू लागले’. तो मुलगा आता कुठे असेल, कोण जाणे.

मोडीप्रेमी :

खडूफळा बाईंनी दाखवलेला अर्थाचा प्रवास मराठी माणसाला अनोळखी वाटू नये, कारण आपला ‘रंगेल’ त्याच वाटेने गेलेला आहे. रंग म्हणजे वर्ण. त्यावरून मैफिलीला रंग चढणे, माणूस रंगात येणे आणि शेवटी ‘रंगेल’ गडी, ज्याला आपण मुलगी देत नाही. झगझगीत रंग, मग आनंद, मग चैन, मग नीतीचा संशय, हे सगळे टप्पे दोन्हीकडे आहेत. फक्त शेवटचे वळण इंग्रजीने घेतले आणि मराठीने घेतले नाही.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. ‘गे’ हा शब्द मराठीला मुळीच नवा नाही. ‘पैल तो गे काऊ कोकताहे । शकुन गे माये सांगताहे’ या ज्ञानदेवांच्या विराणीत तो एका दमात दोनदा येतो. स्त्रीला जवळिकीने हाक मारण्याचे ते अव्यय आहे. पुढे बोलण्यात ‘अगं’ आणि ‘गं’ यांनी त्याची जागा घेतली, कोकणात ‘गो’ राहिला आणि ‘गे’ हळूहळू ओव्यांपुरता आणि कवितेपुरता उरला. इंग्रजी ‘गे’ आपल्याकडे आला, तेव्हा घरची खोली जवळजवळ रिकामी झालेली होती, म्हणून त्याला जागा मिळाली असे माझे मत आहे. इंग्रजी उच्चाराच्या शेवटी जो किंचित ‘इ’ ऐकू येतो, तो मराठीत गळतो, त्यामुळे दोन्ही शब्दांत कानाला काहीच फरक उरत नाही. गंमत अशी, की दोन्ही ‘गे’ मराठीत न बदलणारे आहेत. एक अव्यय म्हणून बदलत नाही आणि दुसरा, धागाकर्त्यांनी दाखवल्याप्रमाणे, बदलायला गेला तर ‘गेला’ होतो.

सह्यकडा :

चर्चा उत्तम चालली आहे, पण मला मूळ प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. मराठीत ‘समलिंगी’ हा नेटका, संस्कृतातून घडवलेला आणि सर्व वर्तमानपत्रांनी रुळवलेला शब्द असताना, ज्याचा इंग्रजीतला अर्थच दर शंभर वर्षांनी पालटतो असा शब्द आपण का घ्यावा? संपादकांची पद्धत चुकली, हेतू चुकला नाही. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे दार उघडून उभे राहायचे असेल, तर मग शब्दकोश हवेतच कशाला?

विभक्तिप्रत्यय :

सह्यकडा यांचा आग्रह मला समजतो. मी स्वतः पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर काम केले आहे आणि घडवलेल्या शब्दांबद्दल मला आदर आहे. पण ‘समलिंगी’ हा शब्द जरा उलटून पाहू.

‘सम’ने सुरू होणारे शब्द आठवा : समवयस्क, समकालीन, समदुःखी, समव्यवसायी. हे सगळे शब्द नाते सांगतात. ‘तो समवयस्क आहे’ असे वाक्य कोणी उच्चारले, तर ऐकणारा लगेच विचारतो, ‘कोणाचा?’ तुकाराम आणि शिवाजी महाराज समकालीन होते असे म्हणता येते. तुकाराम नुसतेच समकालीन होते असे म्हणता येत नाही. ‘समलिंगी’चा घाट असाच आहे. दोन व्यक्ती एकमेकींच्या संदर्भात समलिंगी असतात. त्यामुळे ‘समलिंगी विवाह’, ‘समलिंगी जोडपे’, ‘समलिंगी संबंध’ या रचना निर्दोष आहेत. ‘तो समलिंगी आहे’ हे वाक्य मात्र व्याकरणाच्या दृष्टीने अर्धवट आहे, कारण एकटा माणूस कोणाशी सम असणार? सवयीने आपण ते चालवून घेतो, ही गोष्ट वेगळी.

‘समलैंगिक’चे तसे नाही. ‘लैंगिक’ हे विशेषण मराठीत ‘लैंगिक शिक्षण’, ‘लैंगिक आरोग्य’ अशा वापरामुळे कामभावनेशी जोडले गेले आहे, म्हणून ‘समलैंगिक’ हा शब्द आकर्षणाची दिशा थोडी तरी सांगतो. ‘होमोसेक्शुअल’ला तो अधिक जवळचा आहे. पण त्या मूळ शब्दाचीच घडण पाहा. कार्ल मारिया केर्टबेनी नावाच्या हंगेरियन लेखकाने तो ६ मे १८६८च्या एका पत्रात प्रथम लिहिला आणि १८६९ साली प्रशियाच्या दंडविधानातील कलमाविरुद्ध निनावी पुस्तिका काढून छापला. त्यात पहिला अर्धा भाग ग्रीक आणि दुसरा लॅटिन आहे. हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाने या संकराबद्दल पुढे नाक मुरडले होते. ग्रीक ‘होमो’ म्हणजे सम. पण लॅटिनमध्ये ‘होमो’ म्हणजे माणूस, त्यामुळे पुष्कळांचा आजही घोटाळा होतो. एक बाब सहसा सांगितली जात नाही : ‘हेटेरोसेक्शुअल’ हा शब्दही केर्टबेनीच्या त्याच पत्रात आहे. म्हणजे बहुसंख्यांना नाव मिळाले, ते अल्पसंख्यांचे नाव ठेवताना. तोवर त्यांना नावाची गरजच पडली नव्हती.

आता ‘लिंग’ या शब्दाकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. व्याकरणातले लिंग, अर्जातला लिंग हा रकाना, शरीराचा अवयव आणि शंकराची पिंडी, या चारही गोष्टी मराठीत एकाच शब्दाने सांगितल्या जातात. शास्त्रीय लेखात संदर्भाने अर्थ कळतो. पण एखाद्या विशीतल्या मुलाने स्वतःबद्दल बोलताना ज्या शब्दाने सुरुवात करायची, त्या शब्दाच्या पोटात अवयवाचे नाव असावे, हे त्याला किती अवघड वाटत असेल, हा विचार शब्द घडवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. ‘गे’ या शब्दात लिंग नाही, संभोग नाही, रोग नाही, कायदाही नाही. तो अर्थाने रिकामा आहे आणि बोलणाऱ्याला नेमके तेच हवे आहे.

राहिला विभक्तीचा प्रश्न. ए-कारान्त उसने नाम मराठीत प्रत्यय घेते, जसे ‘कॅफेला’, ‘कॅफेत’. त्या न्यायाने ‘गेने’, ‘गेचा’ ही रूपे सिद्ध होतात, पण ‘गेला’पाशी गाडी अडते, कारण ती जागा मराठीतल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांपैकी एकाने आधीच घेतलेली आहे. परिणामी हा शब्द आपल्याकडे नाम म्हणून तग धरत नाही. तो विशेषण म्हणून राहतो आणि त्याला पुढे ‘मुलगा’, ‘माणूस’, ‘मित्र’, ‘व्यक्ती’ असे काहीतरी लागते. इंग्रजीत या शब्दाचा नाम म्हणून वापर करू नये, ‘गे पुरुष’ म्हणावे, ‘एक गे’ म्हणू नये, असे वृत्तपत्रांच्या लेखननियमांना मुद्दाम सांगावे लागले. मराठीत ते काम ‘जाणे’ या क्रियापदाने परस्पर केले आहे. अर्थात अनेकवचनी ‘गेंना’ हे रूप बनते, आणि काही बातम्यांत वाचायलाही मिळते, हे मान्य करायला हवे. ते मला ‘आंधळ्यांना’, ‘लंगड्यांना’ या वळणाचे वाटते.

उत्तररात्र :

मी या संकेतस्थळावर बहुधा वाचनमात्र असतो. धाग्याचा विषय माझ्याविषयीच असल्यामुळे लिहितो.

माझे गाव कोल्हापूर जिल्ह्यात आहे. शाळेत मला ‘बायल्या’ म्हणत, आणि त्याहून वाईट शब्दही होते, जे इथे लिहिण्याची गरज नाही. त्या सगळ्या शब्दांत एक समान गोष्ट होती. ते माझ्या चालण्याबद्दल, आवाजाबद्दल, हातवाऱ्यांबद्दल होते; मला कोण आवडते, याबद्दल त्यांतला एकही नव्हता. माझा एक वर्गमित्र कबड्डीचा खेळाडू होता, दणकट होता आणि माझ्यासारखाच होता. त्याला आयुष्यात कोणी काही म्हटले नाही, कारण त्याच्यासाठी गावात शब्दच नव्हता. मला नाव होते, पण चुकीचे. त्याला नावच नव्हते. यांतले बरे कोणते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

‘समलिंगी’ हा शब्द मी पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचला, तो एका खुनाच्या बातमीत. ‘समलिंगी संबंधातून’ असे त्या मथळ्यात होते. पुढे अनेक वर्षे मला तो शब्द पोलिसांचा वाटत असे. ‘गे’ हा शब्द मी पुण्याला महाविद्यालयात असताना एका मुलाच्या तोंडून ऐकला. तो चहाचा ग्लास खाली ठेवत, जेवलास का असे विचारावे तितक्या सहजतेने म्हणाला, “मी गे आहे, तुला माहीत असावं म्हणून सांगतो.” त्या वाक्यात कुठेही लाज नव्हती. मला तो शब्द हवा झाला, तो त्या सहजतेमुळे.

आईला सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र तो उपयोगी पडला नाही. मी म्हणालो, “आई, मी गे आहे.” ती म्हणाली, “म्हणजे रे काय?” मी ‘समलिंगी’ म्हटले, तर तिच्या चेहऱ्यावर भीती आली, कारण तिला वाटले, की मी तृतीयपंथी होऊन घर सोडणार आहे. मग मी म्हणालो, “मला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात.” त्यावर ती जरा निवांत होऊन म्हणाली, “अरे, मग आवडू देत की. मित्र नकोत का माणसाला?” आपल्याकडे आंबाही आवडतो, मित्रही आवडतो आणि ज्याच्याशी संसार करावासा वाटतो तोही आवडतोच. शेवटी मला म्हणावे लागले, “बाबांनी तुला जसं आवडून घेतलं, तसं.” त्यानंतर ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मेथीची जुडी होती. सगळी पाने संपून काड्या उरल्या, तरी तिचे हात चालूच होते.

आज ती मावशीशी फोनवर माझ्याबद्दल बोलते, तेव्हा ‘त्याचं निराळं आहे’ एवढेच म्हणते. तिने तीनही शब्द नाकारले आणि आपला एक घेतला. धागाकर्त्यांच्या कथेत नायकाची आई असेल, तर तिच्या तोंडी कोणता शब्द आहे, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

पांढरा डगला :

उत्तररात्र, आपण लिहिलेत याबद्दल आभार. मी एका जिल्हा रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशनाचे काम काही वर्षे केले आहे. आमच्या नोंदवहीत ‘गे’ हा शब्द नव्हताच. तिथे ‘एमएसएम’ असा रकाना असे, म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष. हे नाव ओळखीचे नसून वर्तनाचे आहे आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले आहे. समोर बसलेला ट्रकचालक स्पष्ट सांगे, “साहेब, मी तसला नाही, माझं लग्न झालंय, दोन पोरं आहेत,” आणि पुढच्याच वाक्यात आपला पुरुषांशी संबंध येतो हेही सांगे. त्याला ‘तुम्ही गे आहात का’ असे विचारले असते, तर तो खोटे न बोलता ‘नाही’ म्हणाला असता आणि तपासणी न करताच निघून गेला असता. अशा पुरुषांमध्ये ‘कोती’, ‘पंथी’ असे त्यांचे त्यांचे शब्द होते, जे कोणाची भूमिका कोणती यावर बेतलेले होते. ‘गे’ हा शब्द मला भेटला, तो मुख्यतः शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या, स्वतःची ओळख म्हणून तो सांगू शकणाऱ्या तरुणांकडून. तेव्हा लेखकाने ज्या नायकाच्या तोंडी तो घातला आहे, त्याचा वर्ग आणि शहर पाहूनच संपादकांनी निर्णय घ्यावा. पुण्यातला तिशीतला नोकरदार हा शब्द वापरणारच.

काळा कोट :

कायद्याच्या बाजूने थोडेसे. १८६०च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ मध्ये ‘गे’, ‘समलिंगी’ किंवा ‘होमोसेक्शुअल’ यांपैकी एकही शब्द नव्हता. निसर्गक्रमाविरुद्ध केलेला संभोग अशी त्याची भाषा होती. हे साहजिकच आहे, कारण केर्टबेनीने शब्द घडवला तो त्यानंतर आठ वर्षांनी. कलम कृतीला शिक्षा देत होते, व्यक्तीला नाव देत नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते संबंध पुन्हा गुन्ह्याच्या बाहेर काढले. या नऊ वर्षांतल्या मराठी बातम्या ओळीने वाचल्या, तर सुरुवातीला ‘अनैसर्गिक संबंध’ असे मथळे आणि शेवटी ‘समलैंगिकता गुन्हा नाही’ असे मथळे दिसतात. उत्तररात्र यांना ‘समलिंगी’ हा शब्द पोलिसांचा वाटला, त्याचे कारण इथे आहे. आपल्या वर्तमानपत्रांत तो दीर्घकाळ गुन्हेवार्तांच्या पानावरच राहत होता.

सांजवात :

सर्व प्रतिसाद पुरुषांविषयी झाले, म्हणून एक लहानशी भर. इंग्रजीत बायकाही स्वतःला ‘गे’ म्हणवतात. मराठीत हा शब्द आला, तो पुरुषांपुरता आकसून आला. बाईसाठी आपण ‘लेस्बियन’ म्हणतो, जो लेस्बॉस या ग्रीक बेटावरून आणि तिथल्या सॅफो या कवयित्रीवरून आला आहे. मोडीप्रेमींनी सांगितलेला ‘गे’ फक्त बाईला हाक मारण्यासाठी होता आणि हा नवा ‘गे’ फक्त पुरुषाला लागतो. माझी मैत्रीण आणि मी दोघी एकमेकींना चेष्टेने ‘काय गे’ म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटते, आम्ही जुन्या वळणाच्या आहोत.

सातासमुद्रापार :

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या शाळकरी मुलांनी या शब्दाला आणखी एक अर्थ दिला, तो म्हणजे टाकाऊ, भिकार. गृहपाठ ‘गे’, पाऊस ‘गे’, बाबांची गाडी ‘गे’. २००६ साली बीबीसीच्या एका रेडिओ निवेदकाने मोबाइलच्या सुरावटीला असे म्हटले, तेव्हा तक्रार झाली आणि बीबीसीच्या नियामकांनी तरुणांमध्ये हा अर्थ रूढ असल्याचे सांगून त्याला दोषमुक्त केले. त्यावर बराच गदारोळ झाला. माझ्या मुलाने हा प्रयोग जेवणाच्या टेबलावर भोपळ्याच्या भाजीबद्दल केला. आनंदी शब्दाचा भोपळ्यापर्यंत झालेला प्रवास त्याला समजावून सांगताना माझी भाजी थंड झाली. हा अर्थ मराठीत शिरला नाही असे समजू नये. पुण्यातल्या माझ्या भाच्याच्या तोंडून ‘काय गे शर्ट घातलायस’ मी ऐकले आहे.

ओसरी :

मग ‘क्वीअर’ या इंग्रजी शब्दाचे काय करायचे? तो तर पूर्वी याच लोकांना दिली जाणारी उघड शिवी होता आणि आता विद्यापीठात शिकवतात.

बोरूबहाद्दर :

ओसरी, तो शब्द इथे ओढला, तर हा धागा दिवाळीपर्यंत संपणार नाही. त्याच्यासाठी आपण स्वतंत्र धागा काढावा, मी येईन.

सह्यकडा :

विभक्तिप्रत्यय यांचा ‘कोणाचा?’ हा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घोळवला. ‘समविचारी’ हा शब्द मी त्यांच्याविरुद्ध काढणार होतो, कारण ‘समविचारी लोक एकत्र आले’ असे आपण म्हणतोच. पण ते अनेकवचनी आहे आणि एकत्र आलेले लोक एकमेकांचेच समविचारी असतात, हे लिहिता लिहिताच लक्षात आले. एकट्या माणसासाठी ते चालत नाही. तेव्हा व्यक्तीसाठी ‘समलिंगी’ अपुरा आहे, हे मी मान्य करतो. ‘गे’ हा मराठी शब्द आहे, हे मात्र मला अजून मान्य नाही. तो पाहुणा आहे. त्याला पाणी विचारायला माझी हरकत नाही.

उत्तररात्र यांच्या आईंचा ‘निराळं’ हा शब्द मला या सगळ्यांहून मराठी वाटला. तो कोशात घालता येणार नाही, याची खंत आहे.

बोरूबहाद्दर :

सर्वांचे आभार. अंक आज छपाईला गेला, म्हणून शेवटी काय ठरले ते नोंदवतो.

नायकाच्या बोलण्यात आणि त्याच्या मित्रांच्या बोलण्यात ‘गे’ तसाच राहिला, प्रत्येक ठिकाणी विशेषण म्हणून. २०१८च्या निकालाची बातमी कथेत एका ठिकाणी येते, तिथे ‘समलैंगिक’ ठेवला. ‘समलिंगी’ दोनदा आला आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याच्यापुढे ‘जोडपे’ आहे. ‘गेंना’ असे रूप लेखकाने एकदा वापरले होते, ते पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटले होते. त्यांच्या संमतीने तिथे ‘गे मुलांना’ केले.

उत्तररात्र, आपण विचारले होते, म्हणून सांगतो. कथेत नायकाची आई आहे. लेखकाने तिच्या तोंडी मूळ प्रतीत ‘तू समलिंगी आहेस?’ असे वाक्य घातले होते. आपला प्रतिसाद मी त्यांना, आपले सदस्यनाम न सांगता, फोनवर वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, की ते वाक्य काढून टाका आणि तिथे तिला काहीच बोलायला लावू नका, नुसती उठून गॅस बंद करू द्या. मी तसे केले आहे. ४७व्या पानावर आहे.

गेंड्याचा परिच्छेद मी तीनदा तपासला आहे.